कोणती नदी किती लांब?

शेताला माप असते. कापडाला माप असते. रस्त्याच्या कडेला दगड पुरलेले असतात, त्यांवरून तालुक्याचे गाव किती दूर ते कळते. नदीच्या काठाने असे दगड कोणी पुरलेले नाहीत. तरी नदीलाही माप आहे आणि ते पुस्तकात छापलेले असते. गोदावरीची लांबी १४६५ किलोमीटर आहे, असे आपण वाचतो. हा आकडा आला कोठून? तो कशाच्या उपयोगी पडतो? आज आपण हेच पाहू.

मागच्या धड्यांत आपण हजारांचे आकडे वाचायला शिकलो. ते आकडे आता कामाला लावायचे आहेत.

आपला देश मोठा, नद्याही पुष्कळ. सगळ्या एका धड्यात मावणार नाहीत. म्हणून नर्मदेपासून कावेरीपर्यंतचा दक्षिणेकडचा मुलूख आम्ही घेतला आहे. या मुलखात सहा नद्या मोठ्या म्हणून ओळखल्या जातात. त्यांचा तक्ता खाली दिला आहे. तक्ता आडव्या ओळीने वाचावा. आधी नदीचे नाव, मग ती उगम पावते ते ठिकाण, मग तिची लांबी.

गोदावरी – त्र्यंबकेश्वर, महाराष्ट्र – १४६५ किलोमीटर
कृष्णा – महाबळेश्वर, महाराष्ट्र – १४०० किलोमीटर
नर्मदा – अमरकंटक, मध्य प्रदेश – १३१२ किलोमीटर
महानदी – सिहावा, छत्तीसगड – ८५१ किलोमीटर
कावेरी – तलकावेरी, कर्नाटक – ८०० किलोमीटर
तापी – मुलताई, मध्य प्रदेश – ७२४ किलोमीटर

तक्ता एकदा मोठ्याने वाचा. पहिल्या तीन नद्या हजाराच्या वरच्या आहेत. खालच्या तीन हजाराच्या आतल्या आहेत. सर्वांत लांब गोदावरी. म्हणूनही तिला दक्षिणेची गंगा म्हणतात. उत्तरेतली खरी गंगा २५२५ किलोमीटर आहे. म्हणजे गोदावरी तिच्याहून बरीच आखूड. पण दक्षिणेत तिच्याहून लांब नदी नाही.

आकडा वाचता आला. आता तो डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी वारी केली असेल. आळंदीहून पंढरपूरला पालखी पायी जाते, ती वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची आहे. ती चालायला पालखीला अडीच-तीन आठवडे लागतात. त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत गोदावरीच्या काठाकाठाने चालायचे म्हटले, तर अशा जवळजवळ सहा वाऱ्या एकापुढे एक जोडाव्या लागतील. तापीच्या तीन होतील. जुनी माणसे कोसांत मोजतात. एक कोस म्हणजे दोन मैल, म्हणजे सव्वातीन किलोमीटरांच्या आतबाहेर. त्या हिशेबाने गोदावरी साडेचारशे कोस भरते.

नदी मोजतात ती नकाशावर. आपणही मोजून पाहू. भारताचा नकाशा घ्या. एक सुती दोरा घ्या. तो थोडा ओला करा, म्हणजे कागदाला धरून राहतो. दोऱ्याचे टोक त्र्यंबकेश्वरापाशी बोटाने दाबा. मग नदीची निळी रेघ जशी वळते तसा दोरा वळवीत वळवीत समुद्रापर्यंत न्या. तेथे खूण करा. आता दोरा उचलून सरळ ताणा आणि पट्टीने मोजा. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले असते की, एका सेंटिमीटरला अमुक किलोमीटर. एका सेंटिमीटरला १०० किलोमीटर असे असेल, तर दोरा साडेचौदा सेंटिमीटर भरायला हवा.

पण तो तेवढा भरणार नाही. कमीच भरेल. यात तुमची चूक नाही आणि दोऱ्याचीही नाही. लहान नकाशात नदीची लहान वळणे काढलेलीच नसतात. गावाजवळ नदी अर्धा कोस फिरून येते, तेथे नकाशावर सरळ रेघ असते. नकाशा जितका मोठा, तितकी वळणे जास्त दिसतात आणि नदी तितकी लांब भरते. शेताचा वाकडातिकडा बांध लांब साखळीने मोजला तर कमी भरतो. तोच वीतभर काठीने मोजला तर जास्त भरतो. हेही तसेच.

आणखी दोन अडचणी आहेत. नदी सुरू कोठे होते? डोंगरात चार झरे असतात, त्यांतला कोणता धरायचा? आणि संपते कोठे? गोदावरीला समुद्राजवळ धवळेश्वरमच्या खाली फाटे फुटतात. कोणत्या फाट्याने मोजायचे? मोजणारे जो झरा व जो फाटा धरतील, तसा आकडा येतो. म्हणून दोन पुस्तकांत दोन आकडे सापडतात. कृष्णेची लांबी जुन्या पुस्तकांत ८०० मैल, म्हणजे सुमारे १२९० किलोमीटर दिलेली आहे. आता सरकारी कागदांत १४०० लिहितात. कृष्णा मध्येच शंभर किलोमीटर वाढली असे कोणी समजू नये. असा फरक दिसला म्हणजे एक पुस्तक खोटे, असेही नाही. कोणी मोजले, कशावर मोजले, हे विचारावे.

आता गंमत पाहा. त्र्यंबकेश्वरापासून गोदावरीच्या मुखापर्यंत पाखरू सरळ उडत गेले, तर त्याला सुमारे साडेनऊशे किलोमीटर उडावे लागेल. अमरकंटकापासून नर्मदेच्या मुखापर्यंतही जवळजवळ तेवढेच अंतर आहे. पाखराला दोन्ही वाटा सारख्याच. पण गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते आणि नर्मदा १३१२. म्हणजे गोदावरी दीडशे किलोमीटर जास्त फिरते. का बरे? नर्मदेच्या एका अंगाला विंध्य आणि दुसऱ्या अंगाला सातपुडा. मध्ये जमीन खचून लांबट दरी झालेली आहे. त्या दरीतून नदी पश्चिमेला धावते. इकडेतिकडे वळायला तिला फारशी जागाच नाही. तापीही सातपुड्याच्या दक्षिणेला अशाच दरीतून पश्चिमेला जाते. गोदावरी मोकळ्या पठारावरून जाते, तेव्हा ती उतार शोधीत ऐसपैस वळते.

येथे कोणीही विचारील की, त्र्यंबकेश्वरापासून पश्चिमेचा समुद्र तर जवळ आहे, मग गोदावरी पूर्वेला इतक्या लांब जातेच कशाला? खरी गोष्ट आहे. गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटर आहे. कृष्णेच्या उगमापासून तो ६४ किलोमीटर आहे. दोघीही त्याच्याकडे पाठ करून बंगालच्या उपसागराकडे निघतात.

घराच्या छपराकडे पाहा, म्हणजे कळेल. छपराच्या माथ्यावर आढे असते. पावसाचा थेंब आढ्याच्या या बाजूला पडला तर या पाख्यावरून खाली येतो, त्या बाजूला पडला तर त्या पाख्यावरून. सह्याद्री हे आपल्या मुलखाचे आढे आहे. त्याचे पश्चिमेचे पाखे आखूड आणि अगदी उभे आहे. ते कोकण. पूर्वेचे पाखे फार लांब आणि हळूहळू उतरणारे आहे. ते देश, मराठवाडा आणि त्यापुढे थेट आंध्रचा किनारा. महाबळेश्वरी एका देवळात पाच नद्यांचे उगम दाखवितात. त्यांत कृष्णा आहे आणि सावित्रीही आहे. कृष्णा लांब पाख्यावरून गेली, तिला १४०० किलोमीटर चालावे लागले. सावित्री आखूड पाख्यावरून कोकणात उतरली. शंभर-सव्वाशे किलोमीटरांत तिने बाणकोटला समुद्र गाठला.

सावित्री आखूड म्हणून तिला कोणी हलकी समजू नये. घाटावर कोसळलेला पाऊस थोड्या वेळात, थोड्या अंतरात तिच्यात उतरतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला असा पूर आला की, इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल वाहून गेला. पुलावरच्या एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह पाण्यात गेल्या. पुष्कळ माणसे दगावली. तक्त्यात जिचे नावही येत नाही, ती ही नदी.

आता लांबीवरून पाण्याकडे येऊ. आमच्या वर्गात हा धडा चालला असता एक शेतकरी म्हणाले, "गुरुजी, लांब नदी म्हणजे पाणीही जास्तच असणार की!" असे वाटणे साहजिक आहे. पण हिशेब करून पाहू.

गोदावरी तापीच्या दुप्पट लांब आहे. मग पाणीही दुप्पट असेल? नाही. तापीतून वर्षाला सरासरीने जेवढे पाणी जाते, त्याच्या सात पटींहून अधिक गोदावरीतून जाते. तापीचे एक पायली धरले, तर गोदावरीचे सात पायल्यांवर. महानदी आणि कावेरी यांच्या लांबीत फक्त ५१ किलोमीटरांचा फरक आहे. पण महानदीचे पाणी कावेरीच्या तिप्पट आहे. कारण पाणी लांबीने येत नाही. ते नदीच्या खोऱ्यातून येते. ज्या ज्या जमिनीवरचे पाणी ओढ्यानाल्यांनी शेवटी एका नदीला मिळते, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचे खोरे. खोरे किती मोठे आणि त्यावर पाऊस किती, यावर पाणी ठरते. गोदावरीचे खोरे अख्ख्या महाराष्ट्राहून थोडे मोठेच आहे. तापीचे खोरे त्याच्या एक पंचमांशाच्या जवळपास आहे.

याहून चांगले उदाहरण गोदावरीच्या घरातच आहे. तिला दोन उपनद्या मिळतात. एक मांजरा, दुसरी प्राणहिता. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहते. म्हणजे बरोबर तापीएवढी. प्राणहिता फक्त ११३ किलोमीटर आहे. दोघींत मोठी कोण? आकडा पाहून आपण मांजरा म्हणू. पण गोदावरीला सर्वांत जास्त पाणी आणून देणारी उपनदी प्राणहिता आहे. गोदावरीच्या खोऱ्याचा एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. ती इतकी आखूड कशी? कारण वर्धा आणि वैनगंगा या दोन मोठ्या नद्या एकत्र आल्या, की त्यापुढच्या नदीला प्राणहिता म्हणतात. नागपूर, भंडारा, वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ एवढ्या मुलखाचे पाणी तिच्यात आलेले असते. नाव मात्र शेवटी मिळते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. विदर्भातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. नाशिकची गोदावरी आपली कोण, असे त्यांना वाटत असेल, तर त्यांचेच पाणी तिला पुढे मोठी करते.

उलट मांजरेचे पाहा. ती लांब खरी, पण तिचा वरचा सगळा मुलूख कमी पावसाचा. २०१६ साली ओळीने पाऊस चुकल्यावर लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आधी दहा डब्यांची गाडी आली. मग पन्नास डब्यांची येऊ लागली. एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येई. ते पाणी कृष्णेचे होते. मांजरेच्या काठच्या जिल्ह्यातल्या माणसांनी कृष्णेचे पाणी रेल्वेच्या डब्यांतून आणून प्यावे, हे आपण पाहिले. ७२४ हा आकडा तेव्हाही पुस्तकात तसाच छापलेला होता.

हे ऐकून वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "मग गुरुजी, लांबी शिकून आम्हांला काय करायचं? पाणी किती तेवढं सांगा." मावशींचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. पण लांबीने एक गोष्ट चांगली कळते. नदी किती लोकांच्या दारावरून जाते, हे लांबी सांगते. विहीर एकाची असू शकते. ओढा दोन-चार गावांचा असतो. १४०० किलोमीटर वाहणाऱ्या नदीला वाटेकरी किती असतील?

कृष्णेचेच घ्या. तिच्या १४०० किलोमीटरांपैकी सुमारे ३०० महाराष्ट्रात आहेत. कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. मग ती कर्नाटकात जाते. पुढे तेलंगण आणि आंध्र प्रदेश. पाण्यावरून राज्यांत तंटा झाला, तेव्हा केंद्र सरकारने १९६९ साली लवाद नेमला. न्यायमूर्ती बचावत हे त्याचे प्रमुख होते. १९७६ साली त्यांचा शेवटचा निवाडा लागला. वर्षाचे पाणी २०६० अब्ज घनफूट धरून त्यांनी वाटणी केली. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००.

हा आकडा अवघड वाटेल. तो उलगडून घेऊ. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल अशी पेटी भरली, की एक घनफूट पाणी झाले. ते २८ लिटर भरते, म्हणजे साधारण दोन घागरी. अशा १०० कोटी पेट्या म्हणजे एक अब्ज घनफूट. वर्तमानपत्रात टी.एम.सी. लिहितात ते हेच. धरणात अमुक टी.एम.सी. पाणी आले, असे आता वाचाल तेव्हा अडायला नको.

वाटणी करताना नदी कोणाकडे किती किलोमीटर आहे, एवढेच पाहिलेले नाही. आधीपासून कोण किती पाणी वापरतो, हे मोठे मानले गेले. नदी आमच्या डोंगरात जन्मली म्हणून सगळी आमची, हे म्हणणे चालले नाही. नदी आमच्याकडे समुद्राला मिळते, ठेवा सगळे आमच्यासाठी, हेही चालले नाही. पुढे २००४ साली दुसरा लवाद नेमला गेला. २०१४ साली आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळे झाले आणि तिघांचे चार वाटेकरी झाले. तंटा अजून पुरता मिटलेला नाही.

कृष्णेचे काही पाणी तर पूर्वेला जातच नाही. कोयनेवर धरण बांधून, डोंगराच्या पोटातून बोगदे काढून ते पाणी पश्चिमेला पोफळीकडे खाली सोडले आहे. त्यावर वीज तयार होते. मग ते वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते. ज्या पाण्याला समुद्र गाठायला हजार किलोमीटरांच्या वर जायचे होते, त्याला माणसाने जवळचे दार उघडून दिले. आपल्या घरातला दिवा त्या पाण्यावर लागत असेल, आणि खालच्या राज्यातला शेतकरी त्याच पाण्याचा हिशेब विचारीत असेल.

ही वाटणी दोन राज्यांतच असते असे नाही. एका राज्यातही असते. गोदावरीच्या १४६५ किलोमीटरांपैकी ६९४ महाराष्ट्रातच आहेत, म्हणजे निम्म्याला थोडे कमी. वर नाशिक आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. तेथे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणे आहेत. खाली पैठणला जायकवाडी धरण आहे, ते १९७६ साली सुरू झाले. त्यावर मराठवाड्यातली शेती आणि शहरे अवलंबून आहेत. पाऊस चांगला झाला, तर कोणी कोणाकडे पाहत नाही. कमी झाला, की वरचा म्हणतो माझा ऊस वाळतो, खालचा म्हणतो माझे पिण्याचे मडके रिकामे आहे. दोघेही खरे बोलतात. २००५ साली राज्याने पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा केला. समन्यायी म्हणजे ज्याचा त्याचा रास्त वाटा ज्याला त्याला देणारे. त्या कायद्याने टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. २०१५ साली आणि पुन्हा २०२३ साली असे सोडलेले आहे. दोन्ही वेळा वरच्या भागात विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेले. आमच्या मते, ज्याने नकाशावर गोदावरीची रेघ एकदा तरी दोरा लावून मोजली आहे, त्याला खालच्या गावाचे म्हणणे लवकर समजते.

नर्मदेची तर महाराष्ट्रात लांबी अगदीच थोडी. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरून ती जाते आणि गुजरातेत शिरते. तक्त्यात आपला वाटा काढायला बसले, तर नाव घेण्याजोगा नाही. पण सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुवा भागातली ३३ गावे आली. त्या आदिवासी बांधवांना घरे, शेते सोडून दुसरीकडे वसावे लागले. त्यांना त्या थोड्या किलोमीटरांचे मोल विचारावे.

एक गोष्ट राहिली. तक्त्यात भीमेचे नाव नाही. पंढरपूरची चंद्रभागा ती हीच. ती भीमाशंकरला उगम पावते आणि ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. आता तक्त्यात परत पाहा. ८६१ हा आकडा महानदीपेक्षा मोठा आहे, कावेरीपेक्षाही मोठा आहे. मग तिला मोठ्या नद्यांत का बसविले नाही? ती समुद्राला मिळत नाही, कृष्णेला मिळते, म्हणून ती उपनदी. आणखी सांगायचे तर, जेथे दोघी मिळतात तेथपर्यंत भीमेची वाट कृष्णेच्या वाटेपेक्षा जास्त लांब झालेली असते. लांबीनेच नाव द्यायचे असते, तर पुढच्या नदीला भीमा म्हटले असते. पण नदीची नावे पट्टी घेऊन कोणी ठेवलेली नाहीत. काठावरच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या ज्या नावाने हाक मारली, तेच चालू राहिले. पंढरीच्या वारकऱ्याला हे कळले, तर तो म्हणेल, आमची चंद्रभागा थोरलीच आहे, त्यात नवल ते काय!

धड्यावरील काम:

तक्त्यातील सहा नद्यांची नावे लांबीप्रमाणे, लहानापासून मोठ्यापर्यंत लिहा. कृष्णा गोदावरीपेक्षा किती किलोमीटरांनी आखूड आहे, ते वजाबाकी करून काढा. भीमेला तक्त्यात बसविले, तर तिचे नाव कोणत्या दोन नावांच्या मध्ये येईल? प्राणहिता आखूड असूनही मोठी का, ते दोन वाक्यांत लिहा.

शेवटचा प्रश्न घरी विचारून यायचा आहे. तुमच्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो? ती नदी पुढे कोणत्या नदीला मिळते? असे करीत करीत समुद्रापर्यंत पोहोचा. वाटेत जी जी मोठी गावे लागतील, त्यांची नावे वहीत एकाखाली एक लिहा. तुमच्या वरच्या अंगाला कोणती गावे आहेत, तीही लिहा. वही पुढच्या वर्गाला घेऊन यावे.